प्रयोगशाळेच्या परीक्षेची तयारी



माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि विरारच्या लोकलमध्ये. तेव्हा रक्त तपासणाऱ्यांच्या परीक्षेविषयी मी बोलायला उभा राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. ते साहजिक आहे. म्हणून आधी मी या विषयाकडे कसा वळलो ते सांगतो.

वालीवच्या एका कारखान्यातील आमच्या सभासदाची मुलगी डी.एम.एल.टी. होऊन एका खाजगी प्रयोगशाळेत कंत्राटावर लागली होती. सरकारी भरतीची परीक्षा द्यावी, कायम व्हावे, ही तिची इच्छा. घर एका खोलीचे. अभ्यासाला जागा नाही. म्हणून ती संध्याकाळी आमच्या युनियनच्या कार्यालयात येऊन बसू लागली. पुढ्यात एक जाडजूड गाईड. वर प्रश्न, खाली उत्तर, आणि ती ते पाठ करी.

एके दिवशी मी सहज विचारले, "काय गं, साखर तपासायची तर राखाडी टोपणाचीच नळी का घेतात?"

"काका, तिच्यात सोडियम फ्लुओराइड असते."

"ते कशाला?"

ती गप्प झाली. गाईडातले उत्तर तेवढ्यावरच संपले होते.

मग आम्ही दोघांनी पुस्तके काढून शोध घेतला. नळीत काढलेले रक्त मेलेले नसते. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या आपली भूक रक्तातल्या साखरेवरच भागवतात. सर्वसाधारण तापमानात त्या दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर संपवतात. समजा, अर्नाळ्याच्या कोणा कोळ्याचे रक्त सकाळी साध्या नळीत काढले आणि चार तास तसेच राहून ते दुपारी तपासणीला पोचले. सकाळी साखर २०० असेल, तर कागदावर ती १५५-१६० च्या आसपास उतरेल. औषध त्या आकड्यावर ठरेल. फ्लुओराइड पेशींचे हे खाणे थांबवते, तथापि त्याचा पुरा अंमल बसायलाही तासाभराहून अधिक वेळ लागतो. म्हणून नळी लगेच हलक्या हाताने उलटीसुलटी करायची आणि वेळ न दवडता पाठवायची. एवढे एकदा समजले की त्यावरचा प्रश्न कसाही फिरवून विचारा, मुलगी अडत नाही.

आता परीक्षेचा आराखडा. २०२३ साली जिल्हा परिषदांच्या भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदासाठी १०० प्रश्न आणि २०० गुण होते. त्यांपैकी विषयाचे प्रश्न ४०. उरलेले ६० मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन यांचे. विज्ञानाची मुले नेमकी येथे फसतात. व्याकरण काय, होईल, असे म्हणतात आणि ते होत नाही. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. रोज अर्धा तास बसावे लागते, इतकेच.

गणिताचे मात्र थोडे सांगतो, कारण कामगाराला हिशेब कळतो. पांढऱ्या पेशी मोजताना चार कोपऱ्यांच्या चौकोनांतील पेशी मोजून ५० ने गुणा, असे गाईड सांगते. हे ५० आले कोठून? रक्त २० पट पातळ केलेले असते. प्रत्येक चौकोन एक चौरस मिलिमीटरचा, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे चार चौकोनांत ०.४ घन मिलिमीटर द्रव. २० ला ०.४ ने भागा, ५० आले. चार चौकोनांत १४० पेशी दिसल्या, तर एका घन मिलिमीटरला ७,०००. उद्या परीक्षकाने चाराऐवजी दोनच चौकोन दिले, तर पाठ केलेले ५० कामाला येणार नाही. समजलेल्याला १०० काढायला क्षणभर पुरेल.

सर्वांत मोठा धडा आपल्या मुंबईनेच जगाला दिलेला आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट नोंदवला. आज तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. ए आणि बी हे गुणधर्म ज्या पायावर उभे राहतात त्याला एच म्हणतात. या माणसांत तो पायाच नसतो. नेहमीच्या चाचणीत त्यांच्या पेशींचे पुंजके होत नाहीत, म्हणून गट 'ओ' असा दिसतो. पण त्यांच्या सीरममध्ये एचविरुद्ध प्रतिद्रव्य असते आणि ओ गटाच्या रक्तात एच भरपूर! असे रक्त चढवले तर ते जिवावर बेतते. पकडायचे कसे? रोग्याचे सीरम ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींशीही मिसळून पाहायचे. खऱ्या ओ गटात तेथे काही घडत नाही. बॉम्बे गटात पुंजके होतात. मग पुढची खात्री करून घ्यायची. ती तिसरी नळी लावायचा कंटाळा केला, की संपले.

म्हणूनच २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली, तेव्हा मला नोकऱ्यांपेक्षा या तिसऱ्या नळीची आठवण अधिक झाली. पुढे ती परीक्षा रद्द झाली. प्रामाणिकपणे बसलेल्यांची वर्षे गेली, काहींची वयोमर्यादा जवळ आली. त्यांचे नुकसान कोणी भरून दिले नाही.

दर्जाचीही गोष्ट आहे. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राचा कायदा झाला. त्याने तंत्रज्ञाला किमान २,००० तासांचे शिक्षण सांगितले आणि वैज्ञानिक ज्या वर्गात येतो त्याला पदवी व किमान ३,६०० तास. आमच्या मुलांनी हा कायदा मुळातून वाचावा असा माझा आग्रह असतो. पगाराच्या बोलणीला बसताना आपण कोण, हे कायद्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे.

त्या मुलीला परीक्षेच्या दिवशी मालकाने रजा नाकारली होती. बदली माणूस नाही, म्हणाले. आम्ही तिघे जाऊन बसलो, दोन तास बोललो, चहा काही मिळाला नाही. रजा मिळाली, बिनपगारी. तिचे नाव प्रतीक्षायादीत लागले. आता रविवारी ती आमच्या कार्यालयात आणखी चौघांना शिकवते. मोजणीचा चेंबर आमच्यापाशी नाही, म्हणून फरशीवर खडूने मोठे चौकोन आखते आणि पेशींच्या जागी चिंचोके टाकते.