हातांनी मागितलेली क्षमा

आज मकरसंक्रांत. घरोघरी सुगडांची पूजा होईल, चिमुकल्यांच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतील आणि सायंकाळी वर्षभर अबोला धरलेली माणसेदेखील एकमेकांच्या तळहातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याची विनवणी करतील. आपल्या पूर्वजांनी वैर विसरण्यासाठी पंचांगात एक दिवस राखून ठेवला, ही त्यांची केवढी दूरदृष्टी! परंतु तिळगूळ वाटताना आमच्या मनात एक प्रश्न नेहमी येतो. भांडण बांधाचे किंवा भाऊबंदकीचे असेल, तर तीळ आणि गूळ पुरेसे होतात. जेथे गावेच्या गावे जळाली, तेथे अपराध्याने कोणत्या तोंडाने आणि काय हाती घेऊन जावे?

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांला फार दूर, युरोपात, आणि तेही परधर्मीयांच्या प्रार्थनामंदिरांच्या उभारणीत आढळले. पर्वाच्या दिवशी ती कथा आमच्या श्रद्धाळू वाचकांना परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

एका न्यायाधीशाचे आवाहन

लोथार क्रायसिग हे जर्मनीतील एक न्यायाधीश. हिटलरच्या राजवटीत १९४० साली अपंग व मनोरुग्ण माणसांची गुप्तपणे हत्या सुरू झाली, तेव्हा या धर्मनिष्ठ गृहस्थांनी तिच्याविरुद्ध उघड तक्रार केली आणि न्यायासन गमावले. युद्ध संपल्यावर ‘आम्ही निर्दोष’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. १९५८ साली बर्लिन येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट धर्मसभेत त्यांनी एक आवाहन वाचून दाखविले. ज्यांनी हे पाप इच्छिले नाही, त्यांनीही ते रोखण्यासाठी पुरेसे काही केले नाही, असा त्याचा आशय होता. ज्या राष्ट्रांना आपण छळले, त्यांनी अनुमती द्यावी. म्हणजे आपले तरुण तेथे जाऊन स्वतःच्या हातांनी एखादी वस्ती, चर्च, रुग्णालय किंवा त्यांना हवे असेल ते बांधून देतील, अशी ती याचना होती. त्यातून जी संघटना जन्मली, तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘प्रायश्चित्ताची खूण’ असा आहे.

वाचकांनी ‘अनुमती’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली, हा जगाचा रिवाज. येथे देणाऱ्यानेच पदर पसरला होता. आपल्या धर्मशास्त्रकारांनीही प्रायश्चित्तात पापाची उघड कबुली, अनुताप, तप आणि दान यांना स्थान दिले आहे. कबुलीवाचून केलेल्या दानाने पाप धुतले जात नाही. उलट अहंकार मात्र वाढतो.

ध्रुवप्रदेशापासून कॉव्हेंट्रीपर्यंत

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. तेथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. आपल्या संक्रांतीनंतर काही दिवसांनी तो क्षितिजावर पुन्हा डोकावतो. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने या प्रांतातील रहिवाशांना हुसकावून लावले आणि त्यांची घरे जाळून टाकली. त्याच भूमीवर, कोकेल्व्ह या लहानशा गावी, जर्मन स्वयंसेवकांनी चर्च उभारले. ते १९६० साली पूर्ण झाले. फ्रान्समध्ये लियोनजवळ त्यांनी ज्यू बांधवांच्या प्रार्थनामंदिराच्या बांधकामाला हात लावला. तेझे या खेड्यात ‘समेटाचे चर्च’ बांधले, त्याचे उद्घाटन ६ ऑगस्ट १९६२ रोजी झाले.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीची कथा तर हृदय हेलावून टाकणारी आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर आग ओतली. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि मध्ययुगीन कॅथीड्रलचा मनोरा आणि बाह्य भिंती एवढेच उरले. छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या एका पाथरवटाला दिसल्या. त्याने त्या बांधून त्यांचा क्रूस उभा केला. तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी पुढे भग्न वेदीमागे ‘पित्या, क्षमा कर’ एवढेच शब्द कोरविले. ‘त्यांना क्षमा कर’ असे नव्हे. कारण क्षमेची गरज सर्वांनाच आहे, ही त्यांची धारणा. १९६१ साली या अवशेषांत जर्मन तरुणांची एक तुकडी आली. ज्या खोल्या त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या बाँबनी उद्ध्वस्त केल्या होत्या, त्या काही महिने राबून त्यांनी पुन्हा उभ्या केल्या.

आणि मग वारा उलट्या दिशेने वाहिला. १९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन शहर जाळले होते. त्यात सुमारे २५,००० माणसे दगावली. १९६५ साली कॉव्हेंट्रीहून तरुण मंडळी ड्रेस्डेनला गेली आणि तेथील धर्मभगिनींच्या रुग्णालयाच्या पुनर्बांधणीत ती राबली. पुढे ड्रेस्डेनचे भव्य फ्राउएनकिर्खे पुन्हा बांधले गेले. त्याच्या घुमटावरील सोनेरी क्रूस लंडनमध्ये घडविणाऱ्या कारागिरांत ॲलन स्मिथ होते. त्यांचे वडील ड्रेस्डेनवरील हल्ल्यातील वैमानिक होते! २००५ साली त्या चर्चचे पुन्हा अभिषेकपूर्वक उद्घाटन झाले.

घमेले उचलण्याचे पुण्य

व्यवहारी माणूस येथे हटकून विचारील, परदेशी पोरांनी प्रवासखर्च करून विटा वाहण्यापेक्षा तोच पैसा पाठविला असता, तर स्थानिक गवंड्यांनी काम अधिक सुबक केले नसते काय? हा आक्षेप खोटा नाही. चार दिवस परदेशात श्रम करून, आपणच धन्य झालो अशा समाधानात परतणारे सेवेकरी सर्वच धर्मांत असतात. यजमानांना त्यांचा भारच होतो. परंतु येथे केवळ भिंत उभारावयाची नव्हती. ज्याचे घर जळाले, त्याने जाळणाऱ्याच्या मुलाला उन्हात घाम गाळताना पाहावे, त्याला पाणी द्यावे, त्याचे नाव विचारावे, हे धनादेशाने कसे साधणार?

आपल्याकडे गावदेवीच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देऊनही म्हातारीकोतारी एखादे घमेले डोक्यावर घेतात, ते याच भावनेने. संत गाडगेमहाराज गावात शिरताच हाती खराटा घेत असत. हातांनी केलेली सेवा मनाला नमविते, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते.

ती संघटना आजही तरुणांना परदेशी सेवेला पाठविते. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांची शिबिरे भरतात. कोठे उपेक्षित ज्यू दफनभूमी साफ केली जाते, कोठे वृद्धांची सेवा होते. युद्ध केलेली पिढी जवळजवळ संपली. आज येणारी मुले पणजोबांचे ऋण फेडीत आहेत.

तेव्हा वाचकहो, आज तिळगुळाचा डबा घेऊन बाहेर पडताना पहिले पाऊल सोप्या घराकडे वळवू नये. जेथे आपली चूक झाली, जेथे जाण्याची लाज वाटते, त्या उंबरठ्यावर आधी उभे राहावे. ‘गोड बोला’ म्हणण्यापूर्वी ‘माझे चुकले’ म्हणावे आणि त्या घरचे एखादे अडलेले काम असेल, तर बाह्या सरसावून त्याला हात लावावा. उत्तरायणाचा सूर्य त्या अंगणातही तितकाच प्रकाश देतो.