खुराकाच्या मुलखातील आहारविकार

एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा रंगली आणि मार्च 2023 मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. दूध, तूप, बदामाच्या खुराकाला एवढा मान असलेल्या या कृष्णाकाठी आहारविकार, म्हणजे अन्न, वजन व बांधा यांच्या विचारांनी मनाचा ताबा घेतल्यामुळे खाण्याची घडी विस्कटणारा मानसिक आजार, कुठून येणार, हा सर्वांत पक्का गैरसमज आहे. वस्तुतः हा आजार शहरी श्रीमंत मुलींपुरता नाही, आणि ज्या खेळांत वजनावर गट ठरतो त्यांतील खेळाडूंना, मुलग्यांनाही, त्याचा धोका अधिक असतो.

जत्रेच्या फडात जोड लावताना पैलवानाची ताकद नजरेने जोखली जाते, वजनी गटात मात्र काटाच निर्णय देतो. गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात खेळून कांस्यपदक घेऊन आले. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगट 100 ग्रॅम वजन जास्त भरल्याने अंतिम लढतीपूर्वी अपात्र ठरल्या. स्पर्धेसाठी झटपट वजन उतरवणे जीवघेणे ठरू शकते, 1997 साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल त्यातच दगावले. तरीही ते स्वतः आहारविकार नव्हे. कुस्ती संपल्यावरही घासाघासाचा हिशेब सुटेना आणि स्वतःची किंमत काट्यावरच ठरू लागली, की वस्तादांनी व घरच्यांनी सावध व्हावे.

‘मन घट्ट केले की झाले’ हे म्हणणेही टिकत नाही. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी पुरुषांना अनेक महिने अर्धपोटी ठेवले असता त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना, आणि पुढे पोटभर मिळू लागल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. ताबा सुटून वारंवार अतोनात खाणे आणि मग अपराधीपणाने पोळणे, हा 2013 पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात स्वतंत्र आजार गणला जातो. म्हणून भरपूर खाणारा प्रत्येकजण धडधाकट असतोच असे नाही.

एकादशीचा उपवास हा आजार नव्हे, मात्र उपवासाच्या आडोशाने तो झाकला जाऊ शकतो. आनुवंशिकतेचा वाटा असल्याने आईवडिलांना दोष देणेही चूक. त्यात परिपूर्णतेचा हट्ट, खचलेला आत्मविश्वास, ‘जाडी’, ‘हडकुळी’ असे टोमणे आणि बघण्याच्या कार्यक्रमातील शेरे यांची भर पडते. किशोरवयात कुटुंबाला उपचारात सामील करून घेणारी पद्धत विशेष उपयोगी ठरली असून, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.