वऱ्हाडच्या पेठा आणि पैशाचे मोल

व्यापारी मिळकतीत द्रव्य गुंतविणाऱ्याचे भवितव्य रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावर ठरते, असा सर्वसाधारण समज वर्तमानपत्रांतील अर्थविषयक रकान्यांनी दृढ केला आहे. आणि मुंबई-पुण्याच्या ज्या इमारती बड्या कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेल्या असतात, त्यांच्यापुरता तो बव्हंशी खराही आहे. परंतु अमरावतीच्या जवाहर गेटजवळील अथवा अकोल्याच्या टिळक रस्त्यावरील गाळ्याचा हिशेब मांडावयास बसले, म्हणजे व्याजाच्या दराआधी कापसाच्या नि सोयाबीनच्या भावाकडे पाहणे प्राप्त होते. गाळ्यास भाडेकरू मिळेल की नाही, हे तो भाव ठरवितो. पडत्या वर्षी मालकास दम धरता येईल की नाही, एवढेच काय ते व्याजाच्या हाती असते.

या पेठांचा पायाच मुळी शेतमालावर घातला गेला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला. राली आणि व्होलकार्ट यांच्यासारख्या परदेशी पेढ्यांची खरेदी सुरू झाली, आणि ज्याच्या गाठीला चार पैसे होते त्याने जिन घातला, प्रेस घातला, वखार बांधली. तेजीच्या वर्षांत हे कारखाने इतके वाढले की हंगामाचा कापूस सर्वांना पुरेना. तेव्हा मालकांनी आपापसांत ‘पूल’ केले. काही जिन मुद्दाम बंद ठेवावयाचे, चालू जिनांनी ठरीव दर घ्यावयाचा आणि बंद जिनाच्या मालकालाही त्या नफ्यातून वाटा द्यावयाचा, अशी ती तजवीज होती. एका बोंडाचीही सरकी न काढता उत्पन्न देणारी ही मिळकत मालकास सोयीची खरी, पण फाजील भांडवलाचा तो भार अखेरीस कास्तकाराच्या माथी बसला. आणि मागणीचा अंदाज न घेता बांधलेल्या इमारतीचा खर्च कोणीतरी भरतोच, याचा याहून बोलका दाखला मला या प्रांताच्या इतिहासात आढळलेला नाही.

त्या काळी पैशाचे मोलही ऋतुमानाप्रमाणे बदले. दसऱ्यानंतर कापूस बाजारात येऊ लागला की रोकड वऱ्हाड-खानदेशाकडे वाहू लागे आणि व्याज चढे. पावसाळ्यात पैसा मुंबईस परते व व्याज उतरे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल बँकेचे दर याच चालीने वरखाली होत. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक आली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरापासून १९५१ च्या नोव्हेंबरापर्यंत बँक दर ३ टक्क्यांवर स्थिर राहिला. पुढे तो चढत चढत १९९१ च्या ऑक्टोबरात १२ टक्क्यांवर गेला. परंतु पैसा स्वस्त असो वा महाग, जुन्या पेठेतील मिळकतीला त्याची झळ फारशी लागली नाही, कारण ती मिळकत कायद्याने बांधून टाकलेली होती. १९४९ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण हुकमान्वये नियंत्रकाची परवानगी असल्यावाचून भाडेकरूस जागा खाली करण्याची नोटीस देता येत नसे. भाडे जुनेच राही, आणि गाळ्याची खरी किंमत पगडीच्या रूपाने कागदाबाहेर फिरे. त्यात १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली व खाजगी जिन सरकारी कापसाची मजुरी करू लागला. जिनांच्या कित्येक आवारांत पुढे भूखंड आणि दुकानसंकुले उभी राहिली, ती या परिस्थितीतून.

३१ मार्च २००० रोजी नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला, आणि त्यातील एका तरतुदीने पेठेचा चेहरा पालटला असे माझे मत आहे. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण या कायद्याने काढून घेतले. इतरांच्या भाड्यात सालीना ४ टक्के वाढीची मुभा दिली. तेव्हापासून ‘गाळा बँकेला लागला’ ही वार्ता मालकाच्या घरी आनंदाची ठरली, कारण भाडे बाजारभावाने मिळते आणि अशा पट्ट्याच्या आधारावर बँकेकडून कर्जही उचलता येते.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, ५० लाखांचा गाळा आहे, भाडे दरमहा २०,००० आणि कर्ज ३० लाखांचे, मुदत १५ वर्षांची. १० टक्के व्याजाने हप्ता सुमारे ३२,२०० रुपये बसतो, ९ टक्क्यांनी ३०,४००. म्हणजे एका टक्क्याच्या कपातीने महिन्याला १,८०० रुपये वाचतात, आणि हप्ता तरीही भाड्याहून दहा हजारांनी अधिकच राहतो. उलट गाळा एक महिना रिकामा राहिला, तर २०,००० गेले: अकरा महिन्यांची बचत एका महिन्यात संपली. घरपट्टी, डागडुजी आणि नझूलची जागा असल्यास पट्ट्याच्या नूतनीकरणाचा खर्च तर मी धरलेलाच नाही.

अलीकडचा अनुभव हेच सांगतो. २०२० च्या मे महिन्यात रेपो दर ४ टक्के होता, २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहा झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये साडेपाचांवर उतरला. पण २०२१ मध्ये दहा हजारांच्या घरात गेलेले सोयाबीन २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले, आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्कच काही काळ स्थगित केले. कास्तकाराच्या हाती पैसा आला नाही, तर कापडाच्या, सोन्याच्या आणि मोटारसायकलीच्या दुकानात गिऱ्हाईक कोठून यावे? त्याच वर्षी १ एप्रिलपासून सरकारी मूल्यदर राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढले आणि अमरावती महानगरपालिका हद्दीत ८ टक्क्यांहून अधिक, त्यामुळे मुद्रांकशुल्काचा भारही वाढला.

अकोल्यातील गुदामांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील डाळ मिलचा मालक तूर भरून ठेवतो तेव्हा त्या साठ्यात अडकलेल्या पैशाचे व्याज दर महिन्याला मोजतो; व्याज उतरले की साठा अधिक काळ धरणे त्याला परवडते आणि गुदामाची मागणी वाढते. व्याजदराचा सरळ परिणाम पाहावयाचा असेल तर तो दर्शनी रस्त्यावरील दुकानात शोधण्यापेक्षा या टिनाच्या छपरांखाली शोधावा.

अमरावतीची दृष्टी सध्या नांदगाव पेठेकडे लागली आहे. कापडाच्या घाऊक बाजारपेठा तेथे आधीच वसल्या आहेत. २० सप्टेंबर २०२४ रोजी सुमारे १,००० एकरांवरील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली, आणि १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईस विमान जाऊ लागले. या घोषणांच्या बळावर रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव पुढे धावत आहेत. तेथे स्वतःच्या शिलकीतून भूखंड घेणारास पाच-सात वर्षे थांबता येईल. कर्ज काढून घेणाराने मात्र व्यवहारापूर्वी सातबारा, अकृषक आदेश आणि मोजणीचा नकाशा पाहावा, आणि उद्यानात प्रत्यक्ष किती चाती फिरू लागली, याची स्वतः जाऊन चौकशी करावी.