घरभाडं घेताय? घर विकताय? मग हे वाचाच!

वर्षभरात भिंतीत एक खिळा ठोकला नाही, तरी घरमालकाला भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के वजावट मिळते. बिलं, पावत्या कुणी मागत नाही. महिना 20,000 भाडं, म्हणजे वर्षाचे 2,40,000. त्यातून घरपट्टीचे समजा 10,000 गेले. उरलेल्या 2,30,000 चे 30 टक्के, म्हणजे 69,000, थेट बाद. कर लागेल 1,61,000 वर. मात्र त्याच वर्षी तीन लाखांचं वॉटरप्रूफिंग करून घेतलंत, तरी वजावट तेवढीच!

घरपट्टी मात्र मालकाने त्याच वर्षात भरलेली हवी. थकलेली वजा होत नाही.

पुणेकरांनो, स्वतः राहत्या घराला महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती जाते. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे.

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ हे वाक्य महाराष्ट्रात महागात पडतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. लेखी, नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य. खोटं ठरवायचं काम मालकाचं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता विक्री. खरी गंमत इथे आहे. आजोबांनी 1965 साली बांधलेलं घर आज विकलं, तर नफा मोजताना तेव्हाचा खर्च धरावा लागत नाही. 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. फक्त ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनाहून जास्त नको. घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन वाटा: महागाईची भर न घालता साडेबारा टक्के, किंवा भर घालून 20 टक्के. 2001 चे 10 लाख 2025-26 मध्ये 37.6 लाख धरले जातात. घर 60 लाखांना गेलं, तर 20 टक्क्यांच्या वाटेने कर 4.48 लाख, साडेबाराच्या वाटेने 6.25 लाख. तेच घर एक कोटीला गेलं, तर चित्र उलटं: 12.48 लाख आणि 11.25 लाख! (अधिभार, उपकर सोडून.) म्हणून दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका.

नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला, तर कर वाचतो. नवं घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घ्या, बांधायचं तर तीन वर्षांत. नफा दोन कोटींपर्यंत असेल, तर एका घराऐवजी दोन घरं घेता येतात, पण ही संधी आयुष्यात एकदाच. घर नको असेल, तर सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत 50 लाखांपर्यंत रक्कम ठेवा. ती पाच वर्षं अडकते.

घर शोधताना विवरणपत्राची मुदत जवळ आली, तर उरलेली रक्कम बँकेच्या ‘कॅपिटल गेन्स’ खात्यात टाका. साध्या बचत खात्यात ठेवलेल्या पैशांवर ही सवलत मिळत नाही. तेव्हा विसार घेण्याआधीच सीएकडे जा, आणि जाताना 2001 चं मूल्यांकन नक्की न्या.