पेच, बंदूक आणि कर्करोग रुग्णालय

हार्डवेअरच्या दुकानात ‘चार सुती बोल्ट’ मागितला की दुकानदार अर्ध्या इंचाचा बोल्ट काढून देतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा बोल्ट जुन्या ब्रिटिश मापाचा असेल, तर त्यावर एका इंचात १२ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. हे माप मँचेस्टरच्या एका कारखानदाराने १८४१ मध्ये सुचवले. इंग्रजी अमलात रेल्वे आणि कापडगिरण्यांच्या यंत्रांबरोबर ते आपल्याकडे आले. मेट्रिक मापे येऊनही ते पुरते गेलेले नाही. हे माप सुचवणारा जोसेफ व्हिटवर्थ. त्याच्या कारखान्यातून काय काय बाहेर पडले हे पाहू लागलो, तर वाट थेट कर्करोगाच्या वॉर्डापर्यंत जाते.

व्हिटवर्थचा जन्म १८०३ चा, स्टॉकपोर्टचा. लंडनमध्ये हेन्री मॉड्सलेच्या नामांकित कारखान्यात त्याने हात तयार केला आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा व्यवसाय थाटला. माल कोणता? लेथ, लोखंडाला रंधा मारणारी आणि भोके पाडणारी यंत्रे. म्हणजे यंत्रे घडवणारी यंत्रे. पण लेथ विकणारे इतरही होते. व्हिटवर्थचे वेगळेपण मापात होते.

सगळ्याची सुरुवात सपाट पृष्ठभागापासून झाली. लोखंडाची पाटी खरोखर सपाट आहे हे ठरवायचे कसे? दोन पाट्या एकमेकींवर नीट बसल्या म्हणून भागत नाही, कारण एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या बसतात. म्हणून तीन पाट्या घ्यायच्या. एकीला रंग लावून दुसरीवर घासायची, जिथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडायचा आणि जोड्या बदलत राहायचे. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तरच तिन्ही सपाट. दंतवैद्य नवी कॅप बसवल्यावर रंगीत कागद चावायला देतो आणि डाग पडेल तेवढेच घासतो, तो प्रकार याच जातीचा. ही रीत मॉड्सलेकडेही माहीत होती असे म्हणतात. पण १८४० मध्ये ती जाहीर सभेत मांडली आणि कारखान्याचा नियम केली ती व्हिटवर्थने.

सपाट पृष्ठभाग हाती आल्यावर मोजमाप आले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने मांडलेले यंत्र इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवत होते. तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाचे सुमारे तीनशे भाग करावेत, त्यातला एक म्हणजे हे अंतर. पोलिओचा विषाणूही याहून किंचित मोठाच भरतो. आणि हे भिंगाने नव्हे, स्पर्शाने कळे. मोजायची वस्तू आणि यंत्राचा जबडा यांच्यामध्ये पोलादाची छोटी चकती धरलेली असे. जबडा केसभराहूनही कितीतरी कमी सैल झाला की ती आपल्या वजनाने खाली घसरे.

आट्यांचे माप ठरवतानाची त्याची पद्धत डॉक्टरांना ओळखीची वाटेल. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले पेच गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. ५५ अंश आले ते असे. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन किती असावे, हेही आपण अनेकांचे मोजूनच ठरवतो. मापे एक नसली की काय होते, हे अस्थिरोग शल्यचिकित्सकाला विचारावे. दुसऱ्याच कंपनीची जुनी पट्टी पायातून काढायला घ्यावी आणि स्क्रूच्या डोक्यात बसणारा पेचकस ट्रेमध्ये नसावा! अर्ध्या तासाची शस्त्रक्रिया मग दोन तास चालते.

१८४२ मध्ये त्याने रस्ते झाडणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. गाडी घोड्याने ओढायची. चाकांच्या गतीने झाडूंची एक साखळी फिरायची आणि चिखल, लीद उतरणीवरून वर ढकलत गाडीत भरायची. त्याच वर्षी एडविन चॅडविकचा कष्टकरी वर्गाच्या आरोग्यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. मँचेस्टरमधल्या मजुरांच्या कुटुंबांत मृत्यूचे सरासरी वय १७ वर्षे असल्याचे त्यात होते. रटलंडसारख्या ग्रामीण भागातल्या मजुरांचे ३८. सतरा हा आकडा इतका खाली येतो तो मुख्यतः बालमृत्यूंमुळे. सगळेच मजूर सतराव्या वर्षी मरत होते असा त्याचा अर्थ नव्हे. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रोग दुर्गंधीतून येत, म्हणून रस्ता झाडणे हे औषधच मानले जाई. कॉलरा मात्र पाण्यातून येत होता, आणि झाडूची गाडी त्याला अडवू शकत नव्हती. तरीही लीद आणि चिखल उचलला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. माश्यांचे घर तेच.

याच कारखान्याने माणसे मारण्याचे कामही तितक्याच नेमकेपणाने केले. क्रिमियन युद्धाच्या काळात सरकारने त्याला रायफलींकडे लक्ष द्यायला सांगितले. त्याने नळीचे छिद्र गोल न ठेवता षटकोनी केले आणि त्याला पीळ दिला. गोळीही तशीच, पिळाची. १८५७ च्या चाचण्यांत तिने लष्कराच्या एनफिल्ड रायफलीला मागे टाकले. १८६० मध्ये विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने हीच रायफल ४०० यार्डांवरून डागली आणि गोळी केंद्रापासून दीडेक इंचावर लागली. अर्थात रायफल चौकटीत घट्ट बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. नळी काजळीने लवकर भरते आणि किंमत फार, म्हणून ब्रिटिश लष्कराने ती सरसकट घेतली नाही. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या नेमबाजांनी मात्र घेतली. १८६४ मध्ये जनरल सेजविक डोळ्याखाली गोळी लागून कोसळला. इतक्या लांबून नेम लागणार नाही, असे तो सैनिकांना नुकताच सांगत होता. ती गोळी व्हिटवर्थ रायफलीचीच होती असे मानले जाते.

पुढे तोफा आल्या आणि तोफांसाठी वितळलेले पोलाद दाबाखाली घट्ट करण्याची पद्धत आली. पैसा अमाप झाला, मूल नव्हते. १८८७ मध्ये व्हिटवर्थ वारला तेव्हा संपत्तीचा मोठा भाग लोकोपयोगी कामासाठी विश्वासू मंडळींच्या हाती आला. त्यांपैकी एक रिचर्ड कॉप्ली ख्रिस्टी, पेशाने वकील. या पैशातून डार्ली डेल या गावी रुग्णालय झाले आणि मँचेस्टरला कलादालन झाले. १८९२ मध्ये तिथेच कर्करुग्णांसाठी एक इमारत उभी राहिली, ज्या काळी असे रुग्ण बहुतेक ठिकाणी नकोसेच असत. १९०१ पासून तिला ख्रिस्टींचे नाव आहे.

या रुग्णालयाने पुढे जे केले ते मापाचेच काम होते. रेडियमचा उपचार तेव्हा अंदाजाने चाले: इतके मिलिग्रॅम, इतके तास. पण गर्भाशयाचा आकार बदलला की तेवढ्याच रेडियमचा मारा पेशींवर वेगळा पडतो. राल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी १९३० च्या दशकात मात्रेचे तक्ते तयार केले. मग १९३८ मध्ये तिथल्याच टॉड आणि मेरेडिथ यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शरीरात एक ठिकाण नेमून दिले, ‘पॉइंट ए’. योनीमार्गाच्या वरच्या टोकाच्या कोपऱ्यापासून दोन सेंटिमीटर वर आणि गर्भाशयाच्या मध्यरेषेपासून दोन सेंटिमीटर बाजूला. किती किरणोत्सर्ग द्यायचा तो या बिंदूवर मोजायचा, म्हणजे एका डॉक्टरची मात्रा दुसऱ्याला कळते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडच्या बायकांत अजून फार आढळतो. आता रेडियम गेले, इरिडियम आणि कोबाल्ट आले. सीटी-एमआरआय पाहून गाठीच्या आकाराप्रमाणे मात्रा आखता येते. पण जिथे ती सोय नाही, तिथे भारतातल्या अनेक रुग्णालयांत आजही आतून किरणोपचार देताना एक्स-रेवर तेच दोन सेंटिमीटर मोजून तोच बिंदू मांडला जातो.