त्याच जागेवरून, पुन्हा एकदा

अलास्कातील म्यूर हिमनदीच्या छायाचित्रांची एक जोडी पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे. पहिले छायाचित्र विल्यम फील्ड यांनी १३ ऑगस्ट १९४१ रोजी घेतले. त्यात डोंगरांमधली सगळी दरी बर्फाने भरलेली दिसते. दुसरे छायाचित्र अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे ब्रूस मोल्निया यांनी ३१ ऑगस्ट २००४ रोजी घेतले. त्यात बर्फाच्या जागी समुद्राचे पाणी आहे आणि दरीच्या उघड्या उतारांवर झाडी उगवलेली आहे. मधल्या ६३ वर्षांत हिमनदीचे टोक १२ किलोमीटरहून जास्त मागे गेले आणि बर्फाची जाडी ८०० मीटरहून जास्त घटली.

ही जोडी पाहणाऱ्याला पटते, याची दोन कारणे आहेत. दोन्ही छायाचित्रे एकाच कड्यावरून घेतलेली आहेत आणि दोन्ही ऑगस्ट महिन्यातली आहेत. पहिले जानेवारीतले असते तर ‘हिवाळ्यात बर्फ असायचेच’ असे कोणीही म्हणू शकले असते. दुसरे शेजारच्या कड्यावरून घेतलेले असते तर ‘ही दरीच वेगळी आहे’ असा आक्षेप आला असता. छायाचित्राला पुराव्याचे मोल येते ते अशा साध्या वाटणाऱ्या अटी पाळल्यामुळे. त्या अटी कोणत्या, त्या पाळण्यासाठी काय साधने लागतात आणि शाळेत त्यांचा उपयोग कसा करता येईल, हे या लेखात पाहू.

जुन्या छायाचित्राची जागा शोधून तेथूनच नवे छायाचित्र घेण्याच्या या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणता येईल. आल्प्समधील हिमनद्यांसाठी म्युनिकचे गणिती सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८०च्या दशकाअखेर छायाचित्रांवरून मोजमापे केली. अमेरिकेत हेस्टिंग्ज आणि टर्नर यांनी ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखातील जुनी दृश्ये पुन्हा टिपली. गवताळ माळांवर काटेरी झुडपे कशी पसरली, हे त्यांनी १९६५च्या आपल्या ग्रंथात दाखवले. एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीचे जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ साली घेतलेले दृश्य डेव्हिड ब्रेशियर्स यांनी २००७ साली पुन्हा घेतले. या सर्वांपुढचा पहिला प्रश्न एकच होता. आधीचा माणूस नेमका कुठे उभा होता?

जागा ठरते कशी?

अनेकांचा समज असा असतो की भिंग बदलले की दृश्यातील वस्तूंची मांडणी बदलते. करून पाहा. एकाच जागेवरून एक छायाचित्र साध्या भिंगाने घ्या आणि दुसरे दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाने. आता पहिल्यातला मधला भाग मोठा करून दुसऱ्याशेजारी ठेवा. तपशील कमी-जास्त दिसेल, पण कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या मागे आहे, किती झाकली गेली आहे, यात काही फरक नसेल. भिंगाचे नाभीय अंतर फक्त दृश्य किती रुंद दिसेल हे ठरवते. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परसंबंध मात्र कॅमेऱ्याच्या जागेवरच अवलंबून असतात. म्हणून जुना कॅमेरा आणि जुने भिंग मिळाले नाही तरी चालते, जागा मात्र सापडलीच पाहिजे.

ती शोधायला पॅरॅलॅक्स, म्हणजेच पराशय, मदत करतो. समजा, तुमच्यापासून २० मीटरवर एक झाड आहे आणि २ किलोमीटरवर डोंगराचे शिखर. तुम्ही एक मीटर बाजूला सरकलात तर झाडाची दिशा सुमारे ३ अंशांनी बदलते, शिखराची ०.०३ अंशानेच. मोबाइल फोनच्या साध्या भिंगात सुमारे ६५ अंशांचे दृश्य मावते. छायाचित्र ४००० ठिपके रुंद असेल तर एका अंशाला साधारण ६० ठिपके आले. म्हणजे झाड सुमारे १७५ ठिपके सरकेल आणि शिखर जेमतेम दोन. फोनमधील जीपीएस उघड्या आकाशाखाली सुमारे ५ मीटरपर्यंतची अचूकता देते. ते आपल्याला त्या परिसरात नेऊन सोडते. पुढचे काम झाड आणि शिखर यांची जोडी करते. जुन्या चित्रात शिखर झाडाच्या डाव्या फांदीवर टेकलेले असेल, तर ते तसे दिसेपर्यंत डावीउजवीकडे सरकायचे. उंचीही अशीच जुळवता येते. जवळच्या खडकाचा माथा दूरच्या कड्याच्या कोणत्या थराशी येतो, ते पाहायचे.

पुढेमागे किती सरकायचे, हे गुणोत्तरावरून कळते. जुन्या छायाचित्रात जवळच्या देवळाची रुंदी ३६ मिलिमीटर आणि दूरच्या दोन शिखरांमधले अंतर ४८ मिलिमीटर भरले, असे समजा. गुणोत्तर ०.७५. तुमच्या नव्या छायाचित्रात हीच मापे ३० आणि ५० आली, तर गुणोत्तर ०.६०. देऊळ लहान दिसते आहे, म्हणजे तुम्ही फार मागे आहात. शिखरे पुष्कळ दूर असल्याने त्यांच्यात फरक पडत नाही असे धरले, तर ०.७५ भागिले ०.६० म्हणजे १.२५. तुम्ही मूळ अंतराच्या सव्वापट अंतरावर उभे आहात. देवळापासून तुमचे अंतर ५० मीटर असेल तर मूळ अंतर ४० मीटर, म्हणून १० मीटर पुढे जा. छायाचित्र किती मोठे छापले आहे याने गुणोत्तर बदलत नाही, हे ध्यानात घ्या. समरूप त्रिकोणांचा इतका चांगला उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

तिपाई, ओळंबा आणि पाणसळ

साधने फार लागत नाहीत. कॅमेरा स्थिर राहावा म्हणून तिपाई हवी. तिच्या मध्यातून ओळंबा सोडला की कॅमेऱ्याखालचा जमिनीवरचा बिंदू मिळतो. तेथे लोखंडी खुंटी ठोकावी किंवा खडकावर खूण करावी आणि भिंगाची जमिनीपासूनची उंची मोजून लिहावी. गवंड्याची छोटी पाणसळ कॅमेऱ्यावर ठेवून तो सपाट करावा. कॅमेरा वर झुकला की इमारतींच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात, आणि मग मोजमाप बिघडते. रुंद दृश्य देणाऱ्या भिंगात कडेच्या रेषा वाकतात. म्हणून जे मोजायचे ते चित्राच्या मध्याजवळ ठेवावे.

जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट हवे, तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीवर २८ मिलिमीटरचे भिंग एफ/११ वर ठेवून सुमारे अडीच मीटरवर नाभीयन केले, तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. छिद्र आणखी लहान केले तर आणखी स्पष्ट येईल का? नाही. लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते. एफ/८ ला एका बिंदूची प्रतिमा सुमारे ११ मायक्रोमीटर व्यासाची चकती होते, एफ/२२ ला तीच ३० मायक्रोमीटरच्या आसपास जाते. एफ/८ ते एफ/११ ही मधली वाट बहुतेक वेळा बरी.

आकाश गडद करणारी ध्रुवण-गाळणी निसर्गदृश्यांसाठी लोकप्रिय आहे. नोंदीच्या छायाचित्रांत मात्र ती टाळावी. तिचा परिणाम सूर्याच्या दिशेशी ९० अंशात सर्वाधिक असतो, त्यामुळे दोन वेळच्या आकाशांची तुलना करता येत नाही.

उजेड आणि ऋतू

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे सावल्या जुळवायच्या तर तारीख आणि वेळ दोन्ही जुळवाव्या लागतात. पण सावलीवर पूर्ण विसंबून राहू नये. २१ एप्रिल आणि २१ ऑगस्ट या दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती जवळजवळ सारखी, उत्तर १२ अंश असते. दोन्ही दिवशी सकाळी दहाच्या सावल्या चार-पाच मिनिटांच्या फरकाने सारख्याच पडतात. आपल्याकडे मात्र एप्रिलमध्ये डोंगर बोडका असतो आणि ऑगस्टमध्ये हिरवागार!

ही केवळ गंमत नव्हे. पाणलोटाच्या कामांच्या अहवालांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे असतात. ‘आधी’चे एप्रिलमधले आणि ‘नंतर’चे ऑगस्टमधले असेल, तर त्यातून पाऊस पडतो एवढेच सिद्ध होते. काम खरोखर चांगले झाले असले तरी त्याचा पुरावा हातातून गेलेला असतो. अशा जोडीखाली महिना लिहिलेला आहे का, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायला हवी.

रंगाच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. कॅमेरा उजेडाप्रमाणे पांढरा रंग स्वतःच ठरवतो आणि त्यानुसार बाकीचे रंग बदलतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. त्याचे कारण मात्र पाण्याचे नमुने तपासल्यावर कळले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे ते रंगद्रव्य असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. रंगांची तुलना करायची असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात दर वेळी तोच राखाडी पुठ्ठा ठेवावा.

जुने छायाचित्र वाचताना

एकोणिसाव्या शतकातील काचपट्ट्या निळ्या आणि जंबुपार प्रकाशालाच संवेदनशील होत्या. त्यामुळे त्यांवर आकाश कोरे पांढरे आणि हिरवी झाडी काळपट येते. १८७३ मध्ये फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दाखवला. पण त्याआधीच्या छायाचित्रावरून ‘तेव्हा झाडी दाट होती’ असे म्हणण्यापूर्वी तो काळेपणा झाडीचा की काचेचा, हे विचारावे लागते.

छायाचित्रकारही निवड करत असतो. टिमथी ओसलिव्हन यांनी १८६९ मध्ये अमेरिकेतील युटा प्रांतात एका सरकारी सर्वेक्षणासाठी काही खडकांचे छायाचित्र घेतले. मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात अशा शंभराहून अधिक जागा पुन्हा शोधल्या. त्यांपैकी रिक डिंगस १९७८ मध्ये या खडकांपाशी पोचले, तेव्हा दिसून आले की ओसलिव्हन यांनी कॅमेराच तिरका धरला होता. उतार त्यामुळे सपाट भासत होता आणि खडक अधिक नाट्यमय! शंभर वर्षांनी ते उघड झाले, कारण कोणीतरी त्याच जागी जाऊन उभे राहिले.

शाळेसाठी

आपल्या शाळेच्या परिसरातील एक दृश्य निवडा. समोरची टेकडी, तलाव, ओढा किंवा वाढत जाणारी वस्ती, काहीही चालेल. गच्चीच्या कठड्याचा कोपरा किंवा पुलाचा कठडा हलत नाही, म्हणून तो तिपाईपेक्षाही चांगला. चौकटीत जवळची आणि दूरची, अशी प्रत्येकी दोन तरी टिकाऊ चिन्हे येतील असे पाहा. वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, ठरलेल्या तारखेला व वेळेला छायाचित्र घ्या.

फोन वापरत असाल तर साधे भिंगच वापरा. रंग खुलवणाऱ्या सोयी बंद ठेवा आणि मूळ फाइल जपा. संदेशातून पाठवलेल्या प्रतीत तपशील कमी होतो आणि तारखेची नोंदही अनेकदा निघून जाते. एक प्रत कागदावर छापून मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, जागा, भिंगाची उंची, होकायंत्राने घेतलेली दिशा आणि त्या वर्षीचा पाऊस लिहा. पावसाचा आकडा मुद्दाम हवा. एका दुष्काळी आणि एका ओल्या वर्षाची तुलना करून कोणी दीर्घ बदलाचा निष्कर्ष काढू नये. दहा-पंधरा वर्षांची मालिका तयार झाली की एखाद्या वर्षाचे वेडेवाकडेपण आपोआप दिसू लागते.

आज पाचवीत असलेला विद्यार्थी शाळा सोडेल तेव्हा या वहीत पाच-सहा वर्षांच्या नोंदी झालेल्या असतील. वही कोणत्या कपाटात ठेवली आहे, हे शाळेच्या दप्तरात लिहून ठेवा. पुढच्या शिक्षकाला खुंटी सापडली नाही तरी झाड, देऊळ आणि शिखर यांवरून त्याला जागा शोधता येईल.