भिंतीतली भोकं आणि भेगा : घरच्या घरी कशा बुजवायच्या?



पाऊस ओसरला की आपल्याकडे घराची कामं निघतात. दसऱ्याआधी घर धुऊन-पुसून होतं, दिवाळीला रंग लागतो. या दिवसांत गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागणीत 'घरदुरुस्ती' हे कारण हमखास असतं. त्यात मोठी कामं असतात, तशी अगदी छोटीही असतात. जुना बोर्ड काढला तिथलं भोक, खुंटी उपटली तिथला खड्डा, नळाचा पाइप नेताना फोडलेली भिंत, कोपऱ्यातलं उंदराचं बीळ. एवढ्याशा कामाला गवंडी लवकर येत नाही, आणि आला तर दिवसाची हजेरी घेतो. मग भोक तसंच राहतं आणि त्यावर कॅलेंडर लागतं.

ताई, हे काम तुम्ही स्वतः करू शकता. चुलीला माती लावणं, कणगी लिंपणं, अंगण सारवणं हे सगळं आपल्याच हातचं आहे. भिंत बुजवणं त्याहून फार वेगळं नाही. फक्त थापी हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारायचे : भोक पडलं कशाने? आणि भिंत आहे कशाची? या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली की पैसे जातात आणि पुढच्या पावसाळ्यात भोक परत तिथेच दिसतं.

भोक नुसतं दिसायलाच वाईट नसतं

भेगांत आणि बिळांत विंचू राहतो, पाल राहते. उंदीर आले की त्यांच्या मागे साप येतो. धान्याची नासाडी तर होतेच, शिवाय उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही पसरतो.

अजून एक गोष्ट लहान मुलं असलेल्या घरांनी नीट वाचावी. चांदीपुरा तापाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला गावाचं नाव पडलं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रात या तापाने अनेक मुलं दगावली. तो पसरवते ती वाळूमाशी. ही डासापेक्षाही बारीक असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, अंधाऱ्या ओलसर जागी राहते. त्यामुळे घरातल्या भेगा लिंपणं हे मुलांच्या तब्येतीचंही काम आहे. मुलाला एकदम जोराचा ताप आला, झटके आले किंवा ते गुंगीत गेलं, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

पहिला प्रश्न : भोक पडलं कशाने?

खिळा, खुंटी, बोर्ड, पाइप यांचं भोक असेल तर कारण समोरच आहे. सरळ बुजवायला घ्या.

गिलावा फुगून पोपडे पडत असतील, हात लावला की भुगा होत असेल, भिंतीवर पांढरी पूड येत असेल (आपण 'लोणा लागला' म्हणतो), तर कारण ओल आहे. अशा भिंतीत कितीही चांगला माल भरला तरी तो टिकत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. पत्र्याची किंवा कौलांची गळती, बाहेर भिंतीला लागून साचणारं सांडपाणी, न्हाणीघराचा पाइप, भिंतीला टेकवलेला मातीचा ढीग, यातलंच काहीतरी निघतं.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे हे कळायला एक सोपी युक्ती आहे. वीतभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूने थेंब आले तर ओल भिंतीतली. बाहेरून आले तर खोलीतली. भिंतीत ओल असेल तर आधी पाणी थांबवा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच बुजवा.

दुसरा प्रश्न : भिंत आहे कशाची?

नियम एकच लक्षात ठेवा : मातीला माती, सिमेंटला सिमेंट.

मातीच्या भिंतीतलं भोक सिमेंटने भरलं की पक्कं होईल, असं बऱ्याच जणींना वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. माती ओल शोषते, फुगते, वाळली की आकसते. सिमेंट तसं हलत नाही. त्यामुळे दोघांचा सांधा सुटतो. शिवाय सिमेंटच्या मागे ओल अडकते, आतली माती भुसभुशीत होते आणि एक दिवस सिमेंटचा अख्खा थर मातीसकट खाली येतो. आधी मुठीएवढं असलेलं भोक घमेल्याएवढं होतं.

मातीची किंवा कुडाची भिंत

माती चाळून घ्या. नुसती काळी माती वापरू नका, ती वाळताना फार भेगाळते. तांबडी किंवा पांढरी माती चांगली. काळीच मिळत असेल तर तिच्यात वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळा. सुरुवातीला दोन घमेली मातीला एक घमेलं गव्हाचा बारीक भुसा किंवा भाताचा कोंडा आणि थोडं ताजं शेण असं माप धरा. पाणी घालून दोन-तीन दिवस भिजत ठेवा आणि रोज तुडवा. भुसा मातीला धरून ठेवतो, म्हणून भेगा कमी पडतात.

प्रत्येक गावची माती वेगळी असते, तेव्हा आधी परीक्षा घ्या. या मातीच्या दोन-तीन भाकऱ्या थापून सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर वाळू आणि भुसा वाढवा. बोटाने सहज भुगा झाला तर चिकण माती थोडी वाढवा.

आता भोकातली सुटी माती खरवडून काढा, कडा ओल्या करा आणि मातीचे गोळे जोराने आत दाबून बसवा. हलक्या हाताने लावलेली माती निघून येते. भोक खोल असेल तर एकदम भरू नका. पहिला थर लावा, त्यावर काडीने रेघा ओढा, तो वाळला की दुसरा लावा. पूर्ण वाळल्यावर सारवण किंवा चुन्याचा हात द्या. चुना भिजवताना तो उकळतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा.

सिमेंटच्या गिलाव्याची भिंत

साहित्य थोडंच लागतं : थापी, छिन्नी-हातोडा, जुना ब्रश, घमेलं, चाळलेली वाळू, सिमेंट.

१. भोकाच्या कडेचा हलणारा गिलावा छिन्नीने काढा. वाजवून बघा. जिथे पोकळ आवाज येतो तिथपर्यंत काढा. भोक तोंडाशी अरुंद आणि आत थोडं रुंद ठेवा, म्हणजे भरलेला माल सुटून येत नाही.

२. ब्रशने धूळ झाडा आणि भोकावर पाणी मारा. कोरडी भिंत मालातलं पाणी ओढून घेते आणि माल ठिसूळ राहतो. पण पाणी ओघळत असताना भरू नका.

३. सिमेंट-पाण्याचा पातळ घोळ आतून ब्रशने लावा.

४. एक वाटी सिमेंटला चार वाट्या वाळू या मापाने माल कालवा. आधी कोरडंच मिसळा, मग थोडं थोडं पाणी घाला. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल करा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत वापरू नका, त्यात ताकद राहत नाही.

५. खोल भोकात विटेचे ओले तुकडे मालासकट ठोकून बसवा. वरचा थर दुसऱ्या दिवशी लावा. एका वेळी बोटाच्या जाडीपेक्षा जास्त थर देऊ नका.

६. सात दिवस रोज दोन-तीनदा पाणी मारा. सगळ्यात जास्त आळस इथेच होतो, आणि भेगा त्यामुळेच पडतात.

७. रंगाची घाई करू नका. दोन-तीन आठवडे वाळू द्या, नाहीतर रंगाचे पोपडे निघतील. म्हणजे दिवाळीला रंग द्यायचा असेल तर भोकं महिनाभर आधीच बुजवायला हवीत.

सिमेंट हाताची कातडी खातं. हातमोजे घाला, काही नाही तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, आणि काम झालं की हात स्वच्छ धुवा.

पुट्टी कुठे चालते?

खिळ्याची भोकं आणि केसासारख्या बारीक भेगा यांना वॉल पुट्टी चांगली. पातळ थर लावा, वाळला की दुसरा लावा, मग पॉलिश पेपरने घासा. घासताना नाका-तोंडाला रुमाल बांधा. मोठं भोक नुसत्या पुट्टीने भरलं तर ती आकसते आणि भेगाळते. आधी सिमेंटचा माल, वर पुट्टी. पीओपी झटपट बसतं, पण ओल लागली की खराब होतं, म्हणून मोरी, न्हाणीघर आणि ओलीच्या भिंतीला ते नको.

उंदराचं बीळ असेल तर

बिळात हात घालू नका. काठी घालून ढोसूही नका. आधी बिळाच्या तोंडाशी कागदाचा बोळा सैलसर ठेवा आणि दोन-तीन रात्री बघा. बोळा हलला तर आत राबता आहे. साप दिसला किंवा कात सापडली तर बीळ बुजवू नका, सर्पमित्राला बोलवा. कोणाला साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखान्यात जा.

बीळ रिकामं आहे याची खात्री झाली की आत भांडी घासायची तारेची घासणी किंवा काचेचे तुकडे कोंबा आणि वरून माल लावा. नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरतात. मातीच्या भिंतीतही बिळाचं तोंड तारेने भरून त्यावर मातीचाच थर द्या. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदराचं पिल्लू आत येतं, म्हणून पाइपाभोवतीच्या फटीही सोडू नका.

कुठे हात घालायचा नाही

विजेचा बोर्ड किंवा वायर जवळ असेल तर आधी मेन स्विच बंद करा. वायर उघडी दिसली तर वायरमन बोलवा. ओला माल आणि वीज एकत्र आली की जीवावर बेततं.

काही भेगा नुसत्या गिलाव्याच्या नसतात. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग, रुपयाचं नाणं कडेने सहज आत जाईल अशी भेग, पोट काढलेली भिंत. अशी भेग माल भरून झाकणं म्हणजे धोका झाकणं आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, मधोमध आडवी कागदाची पट्टी चिकटवा. पट्टी फाटली किंवा भेग खुणेच्या पुढे गेली तर भिंत अजून हलते आहे. तेव्हा ग्रामपंचायतीतून अभियंत्याला दाखवा. भिंत पुढे झुकलेली किंवा पोट काढलेली असेल तर खुणा करत थांबू नका, तिथे झोपणं आजच बंद करा.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड छतं कोसळून हजारो माणसं गेली. दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात. ते एकमेकांपासून सुटले की भिंतीला पोट येतं.

गटाने काय करता येईल?

एका घराला पाच-सात किलो सिमेंट पुरतं, पण पोतं ५० किलोचं येतं. उरलेलं हवेतल्या ओलीने खडे धरतं आणि वाया जातं. म्हणून पाच-सहा जणींनी मिळून एक पोतं घ्या आणि एकाच आठवड्यात सगळ्यांची कामं उरका. घेताना पोतं दाबून बघा. खडे लागले तर घेऊ नका. थापी, छिन्नी, हातोडा, रंधा आणि ओळंबा असा एक संच ग्रामसंघाने घेऊन ठेवला तर तो वर्षानुवर्षं सगळ्या गटांना पुरेल.

पुढच्या बैठकीला येण्याआधी एक काम करा. दिवसा बॅटरी घेऊन घरात एक फेरी मारा. कॅलेंडरच्या मागे, कोठीच्या मागे, पलंगाखाली बघा. किती भोकं आहेत, कशाने पडली आणि भिंत कशाची आहे, हे वहीत लिहून आणा. कुणाला किती सिमेंट लागेल, कुणाला माती पुरेल आणि कुणाच्या घरी आधी अभियंता न्यायला हवा, हे आपण बैठकीतच ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक